तिसऱ्या घरातलं एक मूल

वीस वर्षांच्या शिकलेल्या मुलीइतकं शहाणं या पृथ्वीवर कोणी नसतं. मी ती होऊन गेले आहे, म्हणून अनुभवानं सांगते. आता मला आमटीत मीठ घातलं की नाही हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण तेव्हा मला सगळ्या सोलापूरचं काय काय चुकतंय ते तोंडपाठ होतं.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. वडील नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. मूळचे आम्ही मंद्रूपकडचे शेतकरी, पण वडिलांनी पाटी धरली आणि मग मलाही धरायला लावली. मी पुण्याच्या कॉलेजात गेले. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघीच मुली; त्यातली दुसरी फारशी बोलत नसे, त्यामुळे समस्त स्त्रीजातीच्या वतीनं बोलण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. ते मी कोणी न सांगता पार पाडत असे.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या प्राध्यापकांनी प्रत्येकाला एक प्रबंध लिहायला सांगितला. सुटीत आपापल्या गावी जायचं, एक आळी निवडायची, घरोघर विचारायचं: मुलं किती झाली, हयात किती, गेली किती, कितव्या महिन्यात गेली, पाणी कुठलं, बाळंतपण कोणी केलं. त्यांनी रकाने आखलेले कागद वाटले आणि एकच सूचना दिली.

"बाई जे सांगेल तेच लिहायचं. पटलं नाही तरी तेच. शंका असेल ती शेवटच्या रकान्यात. आपण पाहायला जातो आहोत, दुरुस्त करायला नाही."

मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात उतरवून घेतलं, खाली रेघ मारली. उतरवून घेतलं की पाळल्यासारखंच असतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

आता पुढं जाण्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते. मला ती तेव्हा माहीत नव्हती, पण तुम्ही माझ्याइतकं अडाणी राहायचं काही कारण नाही.

माझ्या आधी आईला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. एक अकरा दिवसांचं, एक चार महिन्यांचं, आणि एक बोलायला लागलं होतं. मी चौथी. माझ्या पाचवीला आईनं मला सुपात निजवलं आणि सुईणीनं ते सूप शेजारच्या दारात नेऊन ठेवलं. शेजारच्या बाईनं सूप आत घेतलं, मला उचललं, आणि त्याच सुपात कोंडा भरून ते परत पाठवलं. झाला सौदा. ज्या घरात मुलं जगत नाहीत त्या घरचं मूल मी आता नव्हतेच. काळाला फसवायची ही आमच्याकडची रीत. त्यानंतर आई मला पाजायची ती शेजारणीची दाई म्हणून.

सौद्याचे नियम कडक होते. विकणाऱ्या आईनं 'माझं मूल' म्हणायचं नाही, मोजायचं नाही. नवं कापड अंगाला लागायचं ते विकत घेणारीच्या हातचं. आणि मुलाला यातलं काही कळू द्यायचं नाही ते थेट त्याच्या लग्नापर्यंत. लग्नात आईनं सूपभर कोंडा आणि लुगडं देऊन आपलं मूल सोडवून घ्यायचं. त्या दिवशी विकत घेणारी पाटावर बसते, सगळ्यांसमोर तिला आईचा मान मिळतो, आणि मूल पहिल्यांदा जाणून-उमजून तिच्या पाया पडतं.

आमचं चौथं घर, तिचं तिसरं. मधली भिंत एकच. ती तेलुगू विणकराची बायको. नवरा दिवसभर मागावर लुगडी विणायचा, आणि ती रहाटावर बसून त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हणजे होतं. पण तेच तर सांगते आहे.

मी तिला अम्मा म्हणायचे. सगळी तेलुगू पोरं आपापल्या आईला अम्मा म्हणतात हे मला ठाऊक होतं. मी का म्हणते, असा प्रश्न मला पडला नाही. सख्ख्या आईला मी वहिनी म्हणायचे. त्या काळी घराघरांत मुलं आईला वहिनी, काकू काहीही म्हणत, त्यामुळे तिथंही डोकं चाललं नाही. आई भिंतीपलीकडं ओरडायची, "अक्का, तुजी पोर बग की, दुपारपासनं उन्हात हिंडतीया!" मला वाटायचं, आईला रागच येतो माझा. माझा प्रत्येक परकर, प्रत्येक चोळी तिसऱ्या घरातून यायची. मागावर उरलेले काठ जोडून शिवलेली. आई कधी एक चिंधी विकत घ्यायची नाही माझ्यासाठी, आणि धाकट्या भावाला मात्र टोपीपासून सगळं. त्याबद्दल मी वर्षानुवर्षं फुगून बसले. आळीतल्या म्हाताऱ्या मला 'तिसऱ्या घरची' म्हणायच्या. मला वाटायचं, मी तिथं फार जेवते म्हणून.

आळीतल्या शेळीलाही जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं. आणि मी निघाले होते आळीची पाहणी करायला.

मी पुण्याला जाताना अम्मानं एक जांभळं पातळ दिलं होतं, बारीक पिवळ्या काठाचं. कांड्या तिनं भरलेल्या, विणलं नवऱ्यानं. वसतिगृहातल्या मुली तलम व्हॉइलची पातळं नेसायच्या. माझं ते जाडंभरडं जांभळं मी एकदा नेसले, आरशात पाहिलं, आणि ट्रंकेच्या तळाशी घातलं.

तर तो उन्हाळा. सकाळी ऊन चढायच्या आत मी कागदांची चळत घेऊन निघायची, पेन्सिल केसांत खोचलेली. आळीत समोरासमोर मिळून अकरा घरं, पण माझा थाट अकरा जिल्ह्यांचा दौरा काढल्याचा. बायका हसायच्या.

"अगं, माझं बाळंतपण तू पायलंस की! दारात बसून चिंचा खात हुतीस."

"तरी सांगावं लागेल काकू. कागदावर लागतं."

"कागदाला काय करायचंय माझ्या बाळंतपणाचं?"

आमचं घर मी मुद्दाम शेवटून दुसरं घेतलं. आई भाकऱ्या थापत होती.

"वहिनी, मुलं किती?"

तिचा हात परातीत थांबला. "काय करायचंय?"

"सगळ्यांना विचारते आहे. सांग."

"एक."

मी हसले. "एक? आणि मी कोण, भाड्यानं आणलेली?"

"एक म्हनलं न्हवं? एकच लिही." तिनं भाकरी तव्यावर टाकली, ती कडेला दुमडली. आईची भाकरी कधी दुमडत नसे.

"आणि गेलेली?"

तिनं जाळ मागं ओढला, परत पुढं सारला. मी थोडी थांबले आणि मग त्या रकान्यात आडवी रेघ मारली. उत्तर नाही म्हणजे कोणी गेलं नाही, साधं तर्कशास्त्र.

मग मी तिसऱ्या घरात गेले. अम्मा रहाटावर होती. त्या वर्षी तिला खोकला लागलेला, सुताची धूळ छातीत बसलेली. चाक फिरवता फिरवता ती थांबायची, खोकायची, पदरानं तोंड पुसायची आणि तुटलेला धागा शोधून गाठ मारायची.

"ये बिड्डा. माझं पन लिवणार?" बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू, मला ती दुसऱ्या नावानं कधी हाक मारायचीच नाही. "थांब, तोंड धुऊन येते."

"फोटो नाही काढायचा अम्मा. फक्त विचारायचं आहे. मुलं किती?"

तिनं चाक थांबवलं. माझ्याकडं पाहिलं. आणि हसू आवरत, जसं काही मी तिला नाव घ्यायला लावलं होतं, म्हणाली, "एक."

"एक झालं होतं का? कधी?"

"एक हाय."

"हयात?"

"हाय की. लई मोठं झालं. लई शानं." आणि खोकता खोकता हसत सुटली.

मला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. किंवा ज्यांना मूल नसतं त्यांची बुद्धी शेवटी अशी होते; मी तसं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. मी गंभीर चेहरा करून 'एक' लिहिलं. घरी आले, दौत काढली आणि आळीचं भलं केलं. आईच्या ओळीतला 'एक' खोडून 'दोन' केला. अम्माच्या ओळीतला 'एक' खोडून शून्य केलं. शेवटचा रकाना, शंकेचा, कोराच राहिला. शंका मला नव्हतीच ना.

चार-सहा दिवसांत प्रबंध इंग्रजीत लिहून झाला. आणि इथं मी जे केलं त्याबद्दल मला अजून कोणी मारलेलं नाही, म्हणून मीच अधूनमधून स्वतःला मारून घेते. संध्याकाळी ओट्यावर आई लसूण सोलत होती, अम्मा तिच्या शेजारी बसली होती, आणि मी त्यांना तो मराठीत सांगत वाचून दाखवला. कौतुकासाठी, दुसरं काय.

"चौथ्या घरात," मी म्हटलं, "म्हणजे आपल्या बरं का वहिनी, एकही बालमृत्यू नाही. कारण घरातला पुरुष शिक्षक आहे, पाणी गाळून घेतात आणि स्वच्छता आहे. यावरून दिसतं की जिथं शिक्षण आहे तिथं मुलं दगावत नाहीत."

आईच्या हातातला लसणाचा गड्डा तसाच राहिला. एक अकरा दिवसांचं, एक चार महिन्यांचं, एक बोलायला लागलेलं. आणि मी तिला सांगत होते, गाळलेल्या पाण्याचं.

ती एवढंच म्हणाली, "किती लिवलंस आमच्यात?"

"दोन. खरं तेच."

"पुसून टाक."

"शाईनं लिहिलंय."

"मग फाड ते! एक म्हनलं तर एक लिवायचं. लोकाच्या तोंडावर लेकरं मोजतीया! काय हुईल ठावं हाय का तुला, काय हुईल?" तिचा आवाज चिरकला. मला नवल वाटलं. मोजल्यानं काय होणार? मी तिला समजावूनही सांगितलं की सरकार दर दहा वर्षांनी मोजतं आणि कोणी मरत नाही. आई उठून आत गेली. ती माझ्यावर रागावली नव्हती, ती माझ्यासाठी भ्याली होती. वीस वर्षं न मोजून तिनं मला जगवलं होतं, आणि मी एका फटक्यात मोजून मोकळी झाले होते.

अम्मा तिथंच बसली होती. "आनि माझं?"

आता लाजायला हवं होतं. पण कागद हातात होता, आणि कागद हातात असला की मी लाजत नसे.

"तिसऱ्या घरात मूल नाही. बाईनं सांगितलेली माहिती चुकीची होती. यावरून दिसतं की अशिक्षित स्त्रियांच्या उत्तरांवर पडताळल्याशिवाय भरवसा ठेवता येत नाही."

"म्हंजे मी खोटं बोलले, असं?"

"खोटं नाही ग अम्मा. चूक. तुझ्या जागी शून्य घातलं मी."

"शून्य कसं असतं?"

मी कागद तिच्यापुढं धरला आणि बोट ठेवलं. तिनं वाकून खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सूत संपलं की कांडी अशीच दिसते वरून." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगलं लिवलंस. अक्षर लई सुंदर."

मी पुण्याला निघाले त्या दिवशी ती टांग्याजवळ आली. शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. मी म्हटलं, "अम्मा, जागा नाही ग ट्रंकेत." जागा होती.

ती ते गाठोडं छातीशी धरून उभी राहिली. टांगेवाल्याला म्हणाली, "हळू ने भाई, पोरगी हाय माझी." तो हो म्हणाला. त्यालाही माहीत असणार.

प्रबंध मी जूनमध्येच दिला. बाकीची मुलं दिवाळीनंतर देणार होती. मला पहिलं यायचं होतं. प्राध्यापकांनी आठवड्यानं बोलावलं. टेबलावर माझे कागद आणि त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर.

"हे खोडलं कोणी?"

"मी, सर. माहिती चुकीची होती."

"बाईनं काय सांगितलं?"

"एक."

"आणि या खालच्या ओळीत काय सांगितलं होतं?"

"तिनंही एकच सर. पण ती माझी आई आहे आणि आम्ही दोघं आहोत."

 मग पेन्सिलीनं त्यांनी दोन्ही ओळींना एक कंस घातला. "शेजारशेजारची दोन घरं. एका बाईनं एक मूल कमी सांगितलं, दुसरीनं एक जास्त. तुम्ही एकीकडचं काढून दुसरीकडे ठेवलंत. आळीची बेरीज जिथल्या तिथं. तुम्हाला यात काही दिसत नाही?"

मला दिसलं नाही. खरंच सांगते. मी म्हटलं, "बेरीज बरोबर आहे ना सर?"

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "प्रबंध नाही. दिवाळीला घरी जाल तेव्हा त्या बाईंना विचारा, एक का म्हणालात. उत्तर आणा, मग पाहू. हे कागद घेऊन जा."

मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले. पहिला नंबर गेला म्हणून. दुसऱ्या कशासाठी रडावं एवढी अक्कल कुठं होती?

दिवाळीत घरी आले तेव्हा अम्मा रहाटावर नव्हती. मागाजवळच्या चटईवर पडून होती, अंगाची कांडी झालेली. नवरा एकटाच विणत होता आणि शेजारचं कोणी येऊन त्याला कांड्या भरून देत होतं. लग्नाच्या लुगड्यासाठी म्हणून तिनं भरून ठेवलेल्या कांड्यांची टोपली मात्र तिच्या उशाशी होती, त्या टोपलीला ती कोणाला हात लावू देत नव्हती. "बिड्डाचं लग्न ठरू दे," म्हणायची. मी प्रत्येक वेळी सांगायची, मला लग्न करायचंच नाही. ती म्हणायची, "कर ग. माझ्यासाठी कर." मी हसायची. एवढ्या एका दिवसासाठी ती तग धरून होती, आणि मी तिला स्त्रियांच्या स्वातंत्र्याबद्दल सांगत होते.

मी कागद घेऊन उशाशी बसले.

"पास झाला का तुझा कागद?" तिनंच विचारलं.

"नाही अम्मा. सर म्हणतात, तू एक का म्हणालीस ते कळल्याशिवाय घेणार नाहीत."

"न्हाय कळलं तर?"

"तर नापास."

ती वर बघत राहिली. दारात आई येऊन उभी होती, हे मला नंतर आठवलं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. सांगून टाकलं असतं तर तिथंच सगळं उलगडलं असतं. पण लग्नाआधी सांगितलं तर पोर जाते, हा नियम. अम्मानं माझ्या जिवाला धक्का लागू दिला नाही, आणि माझ्या कागदालाही नाही.

"लिव," ती म्हणाली. "शून्य लिव. येडी म्हातारी, बोलले कायतरी त्या दिशी."

"नक्की?"

"नक्की बिड्डा. तुझा कागद खरा."

आणि मला आनंद झाला! मी तिथंच बसून शेवटच्या रकान्यात लिहिलं: माहिती पुन्हा पडताळली, आधीचं उत्तर चुकीचं असल्याचं बाईनं स्वतः मान्य केलं. मान्य केलं! जशी काही मी तिला कोर्टात उभी केली होती. तिनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तिनं भिंतीकडं तोंड केलं. दारातून आई कधी गेली ते कळलं नाही.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी अम्मा गेली. माझी गाडी त्याच दिवशी होती. ट्रंक ओट्यावर आणून ठेवलेली. भिंतीपलीकडचा माग थांबला, त्यावरून आम्हाला कळलं.

आळी गोळा झाली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं. उचलायची वेळ आली आणि आई आमच्या घरातून बाहेर आली. हातात सूप, सुपात कोंडा, कोंड्यावर घडी घातलेलं लुगडं. बायका आपोआप बाजूला झाल्या. आई अम्माच्या पायाशी बसली, सूप खाली ठेवलं.

"अक्का," ती म्हणाली, "लग्नापतुर थांबायचं ठरलं हुतं आपलं. तू न्हाय थांबलीस. तुजा कोंडा आणलाय. माजी लेक मला परत दे. तुज्यासंगट नेऊ नगं."

मी दारात उभी. माझ्या शेजारच्या म्हातारीनं माझं मनगट धरलं होतं, घट्ट. कोणीच माझ्याकडं पाहत नव्हतं आणि सगळे माझ्याकडंच पाहत होते.

आईनं अम्माच्या नवऱ्याकडं पाहिलं. मेलेल्या बाईच्या वतीनं कोणीतरी 'ने' म्हणायला हवं होतं. तो माणूस जन्मात दहा वाक्यं बोलला नसेल. त्यानं सुपाला हात लावला आणि म्हणाला, "घिवून जावा वयनी. लई जपली तिनं."

  मी ट्रंक उघडली, तळाचं जांभळं पातळ ओढून काढलं आणि आत जाऊन नेसले. बाहेर आले तेव्हा तिला उचललं होतं. बायकांनी पुढं जायचं नसतं. मी आळीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून परत फिरवली मला.

घरी आल्यावर आईनं मला न्हाणीत नेऊन डोक्यावरून पाणी घातलं, लहान मुलीला घालतात तसं. मग चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "आण तुजा तो कागद."

"आई, राहू दे आता." आई हा शब्द माझ्या तोंडून तिच्यासाठी तेव्हा पहिल्यांदा निघाला. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आण म्हनते. आता मोजायची मुभा हाय मला." आणि तिनं मोजलं. एकेकाला वेळ देत, बोटाच्या पेरावर अंगठा ठेवत. अकरा दिवसांचं. चार महिन्यांचं. बोलायला लागलेलं, ते 'पानी' म्हणायचं. मग माझ्या डोक्याला हात लावला. मग भावाच्या. "पाच. तीन गेली, दोन हायती. लिव."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. मग वरच्या ओळीवर आले. शून्य खोडलं आणि 'एक' लिहिलं. हयात, एक. शेवटच्या रकान्यात मी जे काही 'मान्य केलं' म्हणून लिहिलं होतं ते गिरगटून टाकलं, कागद फाटेपर्यंत.

पुण्याला तोच कागद दिला. गाळलेल्या पाण्याचा आणि अशिक्षित बायकांचा परिच्छेद काढून टाकला. त्यामुळं निष्कर्ष फार थोडे उरले. प्राध्यापकांनी सगळं शांतपणे वाचलं, बेरीज केली, पुन्हा केली.

"आळीत एक मूल जास्त भरतं आहे."

"हो सर."

"एकच मूल दोन घरांत मोजलं आहे तुम्ही."

"हो सर. ते मी आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना सुपाची, कोंड्याची सगळी हकीगत सांगितली. ते म्हणाले, "शेवटच्या रकान्यात लिहा हे. आणि बेरीज दुरुस्त करा. एक मूल दोनदा मोजता येत नाही."

शेवटच्या रकान्यात मी लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं. बेरीज दुरुस्त केली नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. गुण कापले, प्रबंध दुसऱ्या वर्गात गेला. त्यांच्या जागी मी असते तरी मीही कापले असते.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. अम्माच्या नवऱ्यानं उशाच्या टोपलीतल्या कांड्यांचं लुगडं विणलं. सूत पुरलं नाही. नऊवारीला दीड हात कमी पडला. दुसरं सूत जोडू का, असं त्यानं आईला विचारून पाठवलं. आई म्हणाली, न्हाय. मी ते तसंच नेसले, ओचा तोकडा आला, आणि बोहल्याशेजारी एक पाट रिकामा ठेवला होता. भटजींनी विचारलं, हा कोणाचा? तर आळीतल्या म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या, "राहू द्या, तिसऱ्या घरचा हाय."